कैलासाचं पोस्टर आणि संदुकीतलं घडीपत्रक

जालन्याहून आलेल्या तरुणाने काचेची फ्रेम टेबलावर ठेवली. आत वेरूळचं कैलास लेणं, खाली इंग्रजीत 'निजाम्स स्टेट रेल्वे'. "काका, ओरिजिनल म्हणून घेतलंय. किंमत काय येईल?" सोबत कॅरीबॅगमध्ये आजोबांच्या संदुकीतले जुने कागद होते, तेही जाता जाता बघायला दिले.

रेल्वेच्या नावावरून कागदाचा काळ लागतो. नावात 'गॅरंटीड' असेल तर तो १९३० च्या आधीचा, कारण त्या वर्षी निजामाच्या हैदराबाद संस्थानाने रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली. नुसतं 'निजाम्स स्टेट' असेल तर तिथून ५ नोव्हेंबर १९५१ पर्यंतचा. त्या दिवशी ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली. भाडं छापलेलं असेल तर आणखी सोपं. आणे म्हणजे १ एप्रिल १९५७ पूर्वीचं, 'नये पैसे' म्हणजे १९५७ ते १९६४ मधलं. पत्त्यात पिनकोड दिसला की कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

पण नाव कोणीही छापू शकतो, म्हणून फ्रेम उघडली. दहापट भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची नक्षी दिसली. त्या काळच्या लिथो (शिळाछाप) पोस्टरमध्ये प्रत्येक रंग सलग बसतो, फार तर खडूसारखी रवाळ कड दिसते. आकार ४२ बाय ५९ सेंटीमीटर, म्हणजे आजच्या प्रिंटरचा ए-२. त्या काळी रेल्वे पोस्टरचं नेहमीचं माप २५ बाय ४० इंच असायचं. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला. ही चमक आणणारी रसायनं कागदात सर्रास आली ती १९५० च्या सुमारास. सगळ्यात गंमत घड्यांची. पांढरी, तुटलेली घडीची रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते, पण तिच्यावरून बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. घडीसुद्धा छापलेली!

कॅरीबॅगमध्ये मात्र खरा माल होता: त्याच रेल्वेचं अजिंठा-वेरूळचं घडीपत्रक. नकाशात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी लाल रेघ आणि मनमाडला गाडी बदलायची सूचना, कारण पुढे मीटरगेज. मागे पेन्सिलीत कोणी तरी हिशेब केलेला, '६ कलदार = ७ हाली'. कलदार म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया, हाली म्हणजे निजामाचा. दर बरोबर आहे. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा हिशेब खोडरबराने काढायचा नाही, किंमत त्यानेही वाढते.

एप्रिलच्या कोरड्या हवेत असं पत्रक तसंच उघडलं तर घडीवर फाटतं. म्हणून झाकणाच्या ट्रेमध्ये ओलसर टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर पत्रक, असं तासाभर ठेवलं. त्याआधी कोपऱ्यावरच्या जांभळ्या रबरी शिक्क्याच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब टेकवून टिपला, तर टिपकागद जांभळा झाला. म्हणजे धुणं बाद, आम्ल काढायची पाण्यातली पद्धतही बाद. गंजलेली पिन ओढायची नसते. मागून दोन्ही पाय सरळ करून मगच काढायची. सेलोटेपची पट्टी गरम पात्याने सुटली, चिकटा क्रेप रबराने निघाला, पिवळा डाग राहिला. तो राहतोच.

घड्या मागून पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी जोडल्या. खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवून तीनदा गाळलेली, मग ताकाइतकी पातळ केलेली. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनमुळे (चिवट प्रथिनामुळे) कसर लागते. आपल्याकडे बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकतात, तेही नको. किडा लागत नाही हे खरं, पण तांब्यामुळे कागद लवकर कुजतो. फेव्हिकॉल तर नंतर सुटतच नाही. लॅमिनेशनचंही तेच.

"मग पोस्टरचं काय करू?" त्याने विचारलं.

"लावा भिंतीला, ऊन लागलं तरी हरकत नाही." पत्रक मात्र पॉलिस्टरच्या पाकिटात, आडवं, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवायला सांगितलं. पीव्हीसीचं पाकीट चालत नाही, ते छपाईला चिकटतं.