रात्रपाळीनंतरची झोप आणि छातीवरचा दाब

झोपेतून जाग येते, डोळे उघडतात, खोली ओळखीची असते, पंख्याचा आवाजही ऐकू येतो. पण हात उचलावा म्हटले तर हात उचलत नाही, हाक मारावी म्हटले तर घशातून आवाज निघत नाही, आणि त्याच वेळी छातीवर कोणीतरी वजन टाकून बसले आहे अशी खात्री वाटू लागते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ती दुर्मीळ नाही, तरीही तिच्याविषयी फार थोडे लोक मोकळेपणाने बोलतात. बोलल्यावर जे ऐकावे लागते ते बहुधा दोनच प्रकारचे असते: ‘बाहेरचे काहीतरी आहे, एकदा बघून घ्या’, नाहीतर ‘भास झाला असेल, झोप निवांत’. या दोन्ही उत्तरांनी तो माणूस भीतीसकट एकटा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. आमच्या पाळ्या फिरत्या असतात. रात्रपाळी संपवून सकाळी घरी यायचे, आंघोळ करून आडवे व्हायचे, आणि बाहेर शहर जागे होत असताना झोपायचा प्रयत्न करायचा, हा क्रम इथल्या असंख्य कामगारांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखालची खोली तापते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ज्या वेळी येईल त्या वेळी उठून भरावे लागते. पाणी भरून पुन्हा आडवे झाल्यावर जी झोप लागते, तिच्यातच मला हा अनुभव सर्वांत जास्त वेळा आला आहे. बरेच दिवस मी हा योगायोग समजत होतो. तो योगायोग नाही हे पुढे वाचनातून कळले.

माझ्या बाबतीत सुरुवात नेहमी कानांपासून होते. आधी एक घरघर ऐकू येते, लांब कुठेतरी माग चालू असल्यासारखी, आणि ती वाढत जाते. मग दाराजवळ कोणीतरी उभे आहे असे जाणवते. ती आकृती स्पष्ट दिसतेच असे नाही, पण ती आहे आणि तिचे लक्ष माझ्याकडे आहे याविषयी त्या क्षणी तिळमात्र शंका उरत नाही. त्यानंतर छातीवर दाब येतो, खोल श्वास घ्यावासा वाटतो आणि घेता येत नाही. शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या पत्नीला हाक मारण्याचा मी जिवाच्या आकांताने प्रयत्न करीत असतो, आणि तिला मात्र मी शांत झोपलेला दिसतो. अवस्था सुटल्यावर अंग घामाने भिजलेले असते, आणि पुन्हा डोळे मिटायची हिंमत होत नाही.

हे का घडते, ते आता बऱ्याच अंशी माहीत आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील एक वेगळी अवस्था नोंदवली, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलत असतात. तिला रेम झोप म्हणतात, आणि आपली ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने प्रामुख्याने याच झोपेत पडतात. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, उड्या मारतो, पण अंथरुणात तसे काही करीत नाही, कारण या काळात मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून पाठीच्या कण्यातील चेतापेशींना थांबण्याचा संदेश जातो आणि हातापायांचे स्नायू सैल पडतात. मोटर चालू ठेवून मागाचा पट्टा तेवढा काढून ठेवावा, तसा हा बंदोबस्त असतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, मात्र त्यातून वगळलेले असतात. कधी कधी मन जागे होते आणि हा बंदोबस्त काही क्षण, क्वचित काही मिनिटे, तसाच राहतो. स्लीप पॅरालिसिस म्हणजे हेच.

दाब का जाणवतो याचे उत्तरही यातच आहे. श्वासपटल आपले काम करीत असते, म्हणून श्वास थांबत नाही. पण बरगड्यांमधले स्नायू सैल असल्यामुळे आपल्या इच्छेने छाती भरून श्वास घेता येत नाही, आणि घाबरलेल्या मनाला ते गुदमरणे वाटते. रेम झोपेत मेंदूतील भीतीशी संबंधित केंद्रे अतिशय सक्रिय असतात. स्वप्न पूर्ण विझलेले नसते, खोली मात्र खरी दिसत असते, आणि त्या खऱ्या खोलीत स्वप्नातला माणूस उभा राहतो.

पाणी भरून पुन्हा झोपल्यावरच हे का होते, याचा उलगडा मला जपानमधल्या एका प्रयोगाने झाला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी तरुणांना झोपेच्या मध्येच उठवून, काही वेळ जागे ठेवून, पुन्हा झोपू दिले होते. त्यांपैकी काही जण नेहमीचा क्रम सोडून थेट रेम झोपेत शिरले, आणि तशा झोपेतच काहींना हा अनुभव आला. त्यातच रेम झोपेचा जोर पहाटे आणि सकाळी जास्त असतो, म्हणजे रात्रपाळीचा माणूस अंथरुणाला पाठ टेकतो नेमका त्याच सुमारास. झोपेची थकबाकी, वेळांची अदलाबदल, मनावरचा ताण आणि उताणे झोपणे या गोष्टी या अवस्थेला वाट करून देतात असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. २०११ साली शार्पलेस आणि बार्बर यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून मांडणी केली, तेव्हा सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८.३ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचे दिसले. परीक्षेच्या दिवसांत रात्र-रात्र जागणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा.

माझ्या आजोबांनी इथल्या कापड गिरणीत रात्रपाळ्या केल्या होत्या. ‘गिरणीतली माणसे दुपारी झोपली की त्यांच्या छातीवर मुंजा बसायचा’, असे ते सांगत, आणि आईने तोच शब्द माझ्यासाठी वापरला. पूर्व भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या तेलुगू भाषक अक्कांनी तिला दुजोरा दिला आणि उशाखाली लोखंडी अडकित्ता ठेवायला सांगितले. जपानमध्ये या अवस्थेला कानाशिबारी म्हणतात, आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर एक म्हातारी बसते असे सांगतात. मुंजा, म्हातारी, सावली ही रूपे त्या त्या गावची असतात. दाब, अचल शरीर आणि कोणीतरी असल्याची जाणीव या गोष्टी मात्र सगळीकडे सारख्याच आढळतात. म्हणून आजोबांनी जे सांगितले ते निरीक्षण म्हणून अचूक होते असे मी मानतो. दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीच्या माणसाला हे होते, एवढे त्यांनी नेमके हेरले होते.

अडचण सुरू होते ती त्या स्पष्टीकरणावर उपचार उभा राहतो तेव्हा. उशाखालच्या अडकित्त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण भगताकडे नेऊन अंगातले भूत उतरवण्यासाठी बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलेले आहेत आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हा त्रास तरुण मुलीला किंवा नव्या सुनेला होत असेल, तर घरच्यांनी हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे, कारण अशा वेळी सर्वांत आधी संशय तिच्यावरच घेतला जातो.

भीतीमुळे हा त्रास वाढतो, याकडे बलांद जलाल आणि डेव्हन हिंटन यांच्या अभ्यासाने लक्ष वेधले आहे. त्यांनी इजिप्त आणि डेन्मार्क येथील लोकांची तुलना केली, तेव्हा या अवस्थेमागे अघोरी शक्ती आहे असे मानण्याकडे कल असलेल्या इजिप्तमधील लोकांना ती अधिक वेळ टिकल्यासारखी वाटत होती आणि तिच्यात मरण येईल अशी भीतीही अधिक होती. पुढे जलाल यांनी २०१६ साली अवस्था चालू असतानाच करायची एक पद्धत सुचवली. हे काय आहे ते मनात ओळखायचे. यात धोका नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही असे स्वतःला सांगायचे. लक्ष त्या आकृतीवरून काढून मनाला प्रिय अशा एखाद्या गोष्टीवर स्थिर करायचे. आणि हलण्याची धडपड न करता, श्वासावर जबरदस्ती न करता, अंग सैल सोडायचे.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण सगळा जीव सुटण्यासाठी ओढ घेत असतो. पण धडपड केली की अंग हलत नाही याचा पुरावा पुन्हा पुन्हा मिळत राहतो आणि घबराट वाढते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तिसऱ्या पायरीसाठी मी आईने लहानपणी पाठ करून घेतलेले मारुतीचे स्तोत्र मनात म्हणतो. आईला वाटते की स्तोत्राने मुंजा पळतो. मला वाटते की ओळखीच्या, धीर देणाऱ्या शब्दांवर लक्ष टिकते आणि तेवढ्या वेळात अवस्था आपोआप सुटते. यावरून आमच्यात वाद होत नाही, कारण दोघांनाही हवी असलेली गोष्ट एकच आहे. सुटका झाल्यावर मी लगेच कूस बदलून झोपत नाही. उठून बसतो, दिवा लावतो, पाणी पितो, कारण तसेच पडून राहिले तर तोच अनुभव पुन्हा येण्याचा संभव असतो.

रोजच्या जीवनात मी केलेले बदल साधे आहेत. कुशीवर झोपतो आणि पाठीशी उशी लावतो. पहाटेचा शेवटचा चहा बंद केला आहे. खिडकीला जाड चादरीचा पडदा केला आहे, म्हणजे सकाळचा उजेड आत येत नाही. पाणी भरण्याचे काम माझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात पत्नी आणि भाऊ वाटून घेतात, आणि सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला असे मला वाटते. त्यासाठी त्यांना आधी सगळे नीट सांगावे लागले. पत्नीने एकच प्रश्न विचारला, ‘मग त्या वेळी मी काय करू?’ आता माझा श्वास जलद झालेला किंवा पापण्या फडफडताना दिसल्या, की ती खांद्याला हात लावून नावाने हाक मारते. बहुतेक वेळा तेवढ्या स्पर्शाने मी मोकळा होतो.

अधूनमधून येणारा असा अनुभव धोकादायक नसतो. मात्र तो वारंवार येऊ लागला, झोपेचीच धास्ती बसली, दिवसा आवरता येणार नाही इतकी झोप येऊ लागली, किंवा हसताना वा रागावताना अचानक गुडघ्यांतले बळ गेल्यासारखे झाले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, कारण ही नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराची लक्षणे असू शकतात आणि त्यावर औषधे आहेत. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हेही तपासून घ्यावे. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे जाता येते, आणि शासनाच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जाताना अनुभव कधी आला, त्याआधी किती तास झोप झाली होती, कोणत्या कुशीवर झोपला होतात, हे एका कागदावर लिहून न्यावे. आपली पाळी कोणती आणि ती किती दिवसांनी बदलते, हेही डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधीच सांगावे.