तुम्ही विचारलंत म्हणून: ते एक प्रोटीन बंद का करत नाहीत?

लग्नात, देवळात, इथं गोव्यात फोंड्याच्या बाजारात कुणी ना कुणी मला गाठतंच. "तुम्ही पेशींबद्दल शिकवता ना? कॅन्सर कुठल्या प्रोटीनमुळे होतो हे कळलंय, मग ते बंद का करत नाहीत?" विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी आजारी असतं, म्हणून मी वाद घालत नाही. पण दोन वाक्यांत दिलेलं उत्तर मलाच खात राहतं.

प्रश्नात धरून चाललेलं असतं की पेशीत एका कामाला एक प्रोटीन नेमलंय. तसं नाहीये हो. उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीतून मिळवलेल्या पीसी१२ पेशींना ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रोटीन दिलं की त्या विभागतात. एनजीएफ हे तसंच दुसरं प्रोटीन दिलं की विभागणं सोडून चेतापेशींसारखे तंतू काढतात. दोन्ही संदेश आत जातात ते रास आणि ईआरके या प्रोटीनांच्या एकाच वाटेनं. फरक मुख्यतः वेळेचा: पहिल्यात ईआरके लवकर विझतं, दुसऱ्यात तासन्तास चेतलेलं राहतं. आपल्याकडे प्रोटीन बनवणारी जनुकं सुमारे वीस हजारच. प्रत्येक कामाला वेगळी वाट कुठून आणणार?

आणि तीच वाट एका अक्षरानं बिघडते. रासला जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू चिकटलेला असला की ते चालू, त्याचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी झालं की बंद. बंद व्हायला गॅप नावाच्या प्रोटीनचा हात लागतो. केआरएएस या रासच्या एका प्रकारात बाराव्या जागी ग्लायसिन असतं, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. तिथं दुसरं जवळजवळ कुठलंही आलं तर गॅपचा उपयोग होत नाही, आणि रास चालूच राहतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण ४० टक्के रुग्णांत केआरएएस बिघडलेलं असतं.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत होते. मग आईच्या आतड्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला.

गणेशचवथीचा आदला दिवस. दादा शिडीवर चढून माटोळीला, गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, आंबाडे बांधत होता, कवंडाळं खाली सुपात होती. "काय म्हणतात?" त्यानं वरूनच विचारलं. मोबाईलवर एक ओळ होती: केआरएएस, एक्झॉन २, जी१२डी. म्हणजे त्या जनुकाच्या दुसऱ्या तुकड्यात, बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टेट. सेटक्सिमॅब चालणार नाही, हे पुढचं न वाचताच कळलं. ते औषध पेशीच्या बाहेरून ईजीएफआर, म्हणजे ईजीएफचा संदेश घेणारं प्रोटीन, अडवतं. खाली रास आपसूक चालू असेल तर वर अडवून काय होणार?

दादा खाली उतरला. "तू हेच शिकवतेस ना गो? मग त्या रासवरच औषध का नाही?"

मी सांगायला लागले. रास निरोगी पेशींनाही लागतं, केआरएएस काढून टाकलेले उंदीर गर्भातच मरतात. औषधाला धरायला त्यावर जागाच सापडत नव्हती, त्यात दशकं गेली. अमेरिकेत २०२१ साली पहिलं औषध, सोटोरासिब, मान्य झालं ते फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी, आणि जी१२सीवर, म्हणजे त्याच जागी सिस्टीन आलं असेल तर. आईचं जी१२डी.

"म्हणजे मांडवीचा पूल," तो म्हणाला. "सगळी वाहतूक त्या एका पुलावर, आणि तोच पडला."

१९८६ साली पूल पडला आणि पणजी-बेती फेरीबोटींवर आली, हे आम्हां दोघांनाही आठवतं. मी त्याला तेव्हा गप्प केलं, कारण रास पडत नाही, उघडं राहतं. पण पूल पडला तरी वाहतूक फेरीबोटींवरून चालूच राहते, एवढं त्याच्या उपमेतलं खरं होतं. बीआरएएफ हे त्याच वाटेवरचं, रासच्या पुढचं प्रोटीन; त्याच्या व्ही६००ई या बिघाडावर वेमुराफेनिब हे औषध मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये गाठी आटवतं, तोच बिघाड मोठ्या आतड्यात असला तर फारसं चालत नाही. २०१२ साली कारण कळलं: बीआरएएफ अडवलं की ईजीएफआरवरचा लगाम सुटतो आणि संदेश दुसऱ्या वाटेनं वाहू लागतो.

पूर्वी मी वर्गात ठासून सांगायचे, थोड्या वाटांवर अनेक कामं भागवण्याच्या लवचिकपणाची किंमत म्हणजे नाजूकपणा. आता ते वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. पेशी रोजचे कितीतरी धक्के याच लवचिकपणामुळे पचवते, आणि गाठही त्याच्याच जोरावर औषध पचवते. मग नाजूक नेमकं कोण? तेव्हाची मी म्हणेन, बाराव्या जागेचं काय? तेही खोडता येत नाही.

२०२० साली त्या बीआरएएफच्या आतड्याच्या कॅन्सरवर एन्कोराफेनिब आणि सेटक्सिमॅब एकत्र द्यायला अमेरिकेत मान्यता मिळाली. मूळ वाट आणि फेरी, दोन्ही एकदम अडवायच्या. जी१२डीवरच्या औषधांच्या चाचण्याही चालू आहेत. दादा म्हणतो, हे सगळं आधी का नाही झालं. त्यावरून आमचं अजून भांडण होतं.