स्टेशन दहा मिनिटांवर: नाशिकहून ठाणे-नवी मुंबईत घर शोधायला गेले ते चार दिवस

सुट्टीच्या दिवशी भाड्याचं घर बघायला जाऊ नका. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. मी २०२५ च्या १५ ऑगस्टला गेले आणि दहा हजाराचं टोकन जवळजवळ देऊनच बसले होते.

आधी आमची गरज सांगते म्हणजे पुढचं कळेल. नोकरी माझी, ऐरोलीच्या आयटी पार्कमधे, जॉइनिंग सप्टेंबरमधे. नवरा घरून काम करतो, मुलगी पाचवीत, सासूबाई सोबत येणार. बजेट ३२ हजार, टू बीएचके. नाशिकला याच्या निम्म्यात राहतो, त्यामुळे आकडा ऐकूनच सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. ठाणं की नवी मुंबई हे ठरवायला मी एकटीच गेले, मुक्काम कोपरखैरण्याला मामेबहिणीकडे, आमची ताई. पाठीवर सॅक, पावसाळी सँडल, छत्री, पॉवर बँक. रोज पंधरा हजार पावलं होतात, चालायची सवय नसेल तर चार दिवस पुरणार नाहीत.

शुक्रवारी, म्हणजे १५ ऑगस्टलाच, सकाळची एसटी पकडली. नाशिकवाल्यांना माहीत आहेच, कसाऱ्यापर्यंत काही नसतं, खरा प्रवास भिवंडी बायपासपासून पुढे, माणकोली, खारेगाव, साकेतचा पूल. पण त्या दिवशी सुट्टी, सगळं मोकळं. साडेतीन तासात खोपट, ठाण्याचा एसटी स्टँड. मी खूश, लोक उगाच रडतात असं नवऱ्याला फोन करून सांगितलं पण.

एजंट खोपटलाच गाडी घेऊन हजर. घोडबंदर रोडला भाईंदरपाड्याच्या आसपास सोसायटी, चौदावा मजला, खिडकीतून येऊरचे डोंगर, खाली स्विमिंग पूल, भाडं ३० हजार, डिपॉझिट दीड लाख. "मॅडम, इथून कापूरबावडी दहा मिनिटं, स्टेशन वीस." आणि खरंच, आम्ही आलो तेव्हा कापूरबावडी ते गेट बारा मिनिटं लागली होती, मी घड्याळात बघितलं होतं. टोकन आजच द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, हे नेहमीचं. मी फोन काढला, जीपे उघडलं, आणि नेमकं सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि पहिला प्रश्न, नॉनव्हेज खाता का? मी म्हणलं, खातो. मग चेहरे, मग 'तसं काही नाही हो पण', आणि तेवढ्यात माझा जीपेवरचा अंगठा थांबला. आमच्या घरी बुधवार-रविवार वशाट लागतं, त्याच सवयीनं माझे दहा हजार वाचवले. सोमवारी सांगते म्हणलं आणि निघाले.

शनिवारी गोपाळकाला. ठाण्यात त्या दिवशी घर बघायचं ठरवणारी मी एकटीच असेन. टेंभी नाक्याची हंडी आनंद दिघ्यांनी सुरू केलेली, तेव्हापासून ठाण्यात हंडी म्हणजे कोणाचं किती वजन ते मोजायचा काटा. चौकाचौकात स्टेज, डीजे, क्रेन, आणि प्रत्येक कमानीवर त्याच नेत्यांचे फोटो. त्या दिवशी वर्तकनगरला दहा थर लागले म्हणे, मी तेव्हा नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगचा तिसरा मजला चढत होते, लिफ्ट नाही. वन बीएचके, २८ हजार, पार्किंग नाही. स्टेशन मात्र खरंच दहा मिनिटं, पायी. सासूबाईंचे गुडघे नसते तर मी तेच घेतलं असतं. ज्यांचे गुडघे चांगले आहेत आणि गाडी नाही त्यांनी डोळे मिटून नौपाडा घ्यावा, फक्त बिल्डिंग महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत नाही ना ते बघा. दर पावसाळ्याआधी ती यादी निघते, सी-१ म्हणजे सरळ रिकामी करायची.

रविवारी सकाळी नेरुळ-सीवूड्स बघितलं. छान आहे, परवडत नाही, पुढे.

दुपारी खारघर. इथे एक गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नाही. आपण 'नवी मुंबई' म्हणून जे धरतो ते सगळं एका महापालिकेत नाही. दिघा-ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, स्थापना १ जानेवारी १९९२. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल महापालिकेत, ती आली २०१६ ला. पोलीस आयुक्तालय एकच, नवी मुंबईचं, पण पाणी वेगळं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. खारघरला सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचं पाणी, ते पुरत नाही, आणि तिथल्या लोकांची वर्षानुवर्षं तक्रार होती की सिडकोला सर्व्हिस चार्ज पण भरा आणि पनवेलला मालमत्ता कर पण भरा. भाडेकरूला थेट कर भरावा लागत नाही पण टँकरचा खर्च मेंटेनन्समधून आणि मेंटेनन्स भाड्यातून येतोच. मला दाखवलेला टू बीएचके २६ हजार. किचनमधे दोन मोठे ड्रम बघितले आणि घरमालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ते असेच ठेवलेत. असेच कोणी ड्रम ठेवतं का!

आणि रिक्षा. एमएमआरमधे, म्हणजे मुंबई आणि आसपासच्या पट्ट्यात, मीटरचं पहिलं भाडं २६ रुपये, दीड किलोमीटरला, फेब्रुवारी २०२५ पासून. खारघर स्टेशनपासून जेमतेम दोन किलोमीटर, मीटरनं पस्तीसच्या आसपास व्हायला पाहिजेत, मागितले ८०. मी म्हणलं दादा मीटर टाका, तो म्हणाला इथे मीटर चालत नाही मॅडम. तिघांना विचारलं, तिघांचं एकच उत्तर. शेवटी ६० देऊन बसले आणि त्या पंचवीस रुपयांवर मी रात्री जेवताना पण बोलत होते, ताई वैतागली. पण हिशोब करा ना, दोन वेळ रोज, सव्वीस दिवस, तेराशे रुपये नुसते जास्तीचे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला चालू झालीय ती बरी आहे, तिच्या लाइनीवर घर मिळालं तर रिक्षाचा प्रश्न सुटतो. पेंधर-तळोज्याला टू बीएचके १३-१४ हजारात सांगत होते, पण तळोजा एमआयडीसीचा वास आहे, संध्याकाळी मला स्वतःला आला. लहान मूल किंवा दमा असेल तर नको. 'विमानतळ सुरू झाला की भाव बघा' हे तिथे प्रत्येक एजंट म्हणत होता. भाव वाढले तर फायदा मालकाचा, आपलं भाडं वाढणार, मला कशाला सांगताय?

आता सोमवार, १८ ऑगस्ट. ठरवलं होतं की घोडबंदरच्या त्या घराच्या गेटपासून ऐरोली ऑफिस, ऑफिसच्या वेळेला, एकदा करून बघायचं. ताई म्हणाली वेडी आहेस, रेड अलर्ट आहे. गेलेच. पहाटे उठून, ठाण्याला येऊन, उलट्या दिशेनं भाईंदरपाड्याला, तो प्रवास सोपा झाला कारण सकाळी सगळं जग विरुद्ध बाजूला जात असतं. गेटवर ८ वाजून २० मिनिटं. पहिली बस भरलेली, दुसरी थांबलीच नाही, तिसरीत दारात उभी राहिले.

कासारवडवली ते वाघबीळ आम्ही पस्तीस मिनिटं घेतली. मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूला बॅरिकेड, सर्व्हिस रोड खणलेला, आणि मधे मधे कंटेनर, कारण उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारा माल ह्याच रस्त्यानं जातो. दिवसा जड वाहनांना बंदी असते पण एखादा कुठेतरी बंद पडून असतोच. खड्डे पाण्याखाली गेल्यामुळे ड्रायव्हर अंदाजानं चालवत होता. पातलीपाड्याला एक बाई उतरून चालायला लागली आणि मानपाड्यापर्यंत आमच्या पुढेच होती, मी तिची निळी छत्री बघत होते. कापूरबावडी १० वाजून ५. स्टेशन पावणेअकरा. पुढे ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल, ऐरोली हे ठाण्याहून दुसरंच स्टेशन, मधे फक्त दिघा गाव, एरवी दहा मिनिटं, त्या दिवशी गाड्याच उशिरा. ऑफिसच्या गेटवर ११:२५. तीन तास पाच मिनिटं. अंतर सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आसपास असेल.

ताई म्हणते त्या दिवशी सगळीकडेच पाऊस होता, असं धरू नकोस. बरोबर आहे, रोज तीन तास नसतील लागत. बसमधल्या लोकांना विचारलं तर चांगल्या दिवशी सव्वा-दीड तास म्हणाले, आणि असं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. वडाळा-कासारवडवली आणि पुढे गायमुख मेट्रो झाली की बदलेल, होईल तेव्हा होईल. मी भाडं आज भरणार आहे. माझा निकाल: नोकरी नवी मुंबईत असेल तर घोडबंदरला मानपाड्याच्या पुढे घर घेऊच नका, फुकट दिलं तरी. गाडीवाल्यांना मुलुंड-ऐरोली पुलाचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, पण पुलापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न आहेच.

त्याच दिवशी, भिजलेल्या कपड्यात, दुपारी घणसोलीचं घर बघितलं आणि तिथेच हो म्हणलं. दमलेलं माणूस लवकर हो म्हणतं हे मान्य, तरी कारणं होती. सेक्टरमधली सोसायटी, ओसी म्हणजे बिल्डिंगमधे राहायला परवानगीचा दाखला आहे, ३१ हजार, डिपॉझिट एक लाख, आणि ऐरोली तिथून दोन स्टेशनं. नवी मुंबईत घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, सिडको नोड की गावठाण, म्हणजे सिडकोनं आखून वसवलेला भाग की जुनं मूळ गाव? घणसोली गाव, तळवली, कोपरखैरणे गाव इथे वन बीएचके १४ हजारात मिळतो, पण बऱ्याच बिल्डिंगना परवानगीच नाही. दिघ्यात ९९ बेकायदा बिल्डिंगचं प्रकरण २०१५ ला हायकोर्टात गेलं आणि तोडायचे आदेश निघाले, लोक रस्त्यावर आले. ठाण्याच्या बाजूला शीळ-डायघरची लकी कंपाउंड २०१३ ला पडली, ७४ जण गेले. सुरक्षितता म्हणलं की आपण चोऱ्यामाऱ्या धरतो, मला तर आधी डोक्यावरचा स्लॅब बघावासा वाटतो. पण गावठाणातल्या लोकांना नुसते बेकायदा म्हणून मोकळं होऊ नये, शहरासाठी जमिनी त्यांच्याच गेल्यात. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून १९८४ ला जासई आणि नवघरला गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना त्या लढ्यातूनच आली. विमानतळाला त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या ही मागणी तिथूनच येते. हे माहीत नसेल तर इथलं राजकारण कळत नाही.

बाकी राजकारण म्हणाल तर ठाणं शिंद्यांचं, नवी मुंबई गणेश नाईकांची, दोघं सरकारमधे एकत्र आणि बॅनरवर समोरासमोर. भाडेकरूला त्याचं काय? एवढंच की मी गेले तेव्हा नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं तर 'माजी'कडे जायचं किंवा 'भावी'कडे, बॅनर दोघांचेही लागले होते.

रात्रीचं बायकांसाठी सांगते. सोमवारीच रात्री साडेदहाला मुद्दाम घणसोली स्टेशनवर उतरून बघितलं. ही स्टेशनं प्रचंड मोठी आणि रिकामी, सबवेत माझ्याच सँडलचा आवाज. एमआयडीसीच्या बाजूला तर अंधार, तिकडून अजिबात बाहेर पडू नका, सेक्टरच्या बाजूनंच निघा. ठाणे स्टेशन त्या मानानं रात्री पण गजबजलेलं, तिथे मला भीती वाटली नाही. तिथे भीती सकाळच्या गर्दीची. ९ जूनला मुंब्र्याला लोकलच्या दारात लटकलेली माणसं पडून गेली त्याला तेव्हा अडीच महिने पण झाले नव्हते. तेव्हा रात्रीसाठी ठाणं, सकाळसाठी ट्रान्स-हार्बर. मी सकाळ निवडली.

आता पैसे. घणसोलीच्या एजंटनं दोन वर्षांच्या ऍग्रिमेंटला दोन महिन्यांची दलाली मागितली, 'वर्षाला एक'. एकच दिली, त्यासाठी चाळीस मिनिटं भांडले. ऍग्रिमेंटचे साडेसहा हजार मागितले. तिथेच मोबाईलवर हिशोब केला: ३१ हजार गुणिले २४ म्हणजे ७,४४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे २०,०००, एकूण ७,६४,०००. त्याचे पाव टक्का म्हणजे १,९१० स्टॅम्प ड्युटी. रजिस्ट्रेशन एक हजार. वर किरकोळ. साडेसहा कुठून आले? चार हजारावर मिटलं. नुसत्या नोटरीवर भागवूया म्हणाले तर ऐकू नका, नोंदणी कायद्यानंच लागते आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. सोसायटीनं भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा चार्ज सांगितला तर तोही मालकानं द्यायचा, आणि तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मला पाच हजार 'शिफ्टिंग चार्ज' सांगितलाय, लिफ्ट खराब होते म्हणून. पावती द्या म्हणलं, तेव्हापासून सेक्रेटरी काका फोन उचलत नाहीयेत.

सामान आणणाऱ्यांनी टेम्पोवाल्याला आधीच सांगा, पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून आणू नको, पाणी साचतं. मुंब्रा बायपास, शीळफाटा, महापे असा आण. आमचा पहाटे चारला नाशिक सोडणार आहे आणि कपाट, पलंग खाली ठेवायला लावलाय, फ्रिज शेवटी चढवायचा, कारण आत गेल्यावर सासूबाईंना आधी तोच लावून पाहिजे.