मेणाचा पाय आणि जपमाळ

मी मूळची नगरची, आमचं चर्च सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट, घरात क्रूस आहे पण मरीयेचा फोटो कधीच नव्हता, आणि नर्सची नोकरी वसईत, जिथे पेशंटच्या उशाखाली जपमाळ हमखास सापडते. त्या दिवशी एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन होतं, ऐंशीच्या पुढच्या, जुन्या वळणाच्या कॅथलिक, लाल लुगडं घडी करून पिशवीत ठेवलेलं. मी बीपी घेत होते तेवढ्यात मुलगा म्हणाला आई, तू चालायला लागलीस की सप्टेंबरच्या जत्रेत बांद्र्याला मोत मावलीला, माउंट मेरीच्या मरियामातेला, मेणाचा पाय वाहीन. झालं! मुलगी बिलिव्हर झालेली, म्हणजे संत-नवस न मानणाऱ्या नव्या पंथात गेलेली, ती तडकलीच. "नवस कसले बोलतोस? बरं करणारा येशू आहे, बायबलमध्ये तीमथ्याच्या पत्रात सरळ लिहिलंय, मध्यस्थ एकच."

तो म्हणाला, "काल तू पास्टरला फोन करून आईसाठी प्रार्थना करा म्हणालीस ना? मी मरियामातेला तेच सांगतोय. पूजा देवाचीच, तिला मान."

मग दोघं माझ्याकडे वळले, सिस्टर तुम्हीच सांगा.

मला मेणाचा पाय पटत नाही, मी थेट येशूकडेच मागते, पण ती फोनची गोष्ट मला खोडता आली नाही आणि अजूनही येत नाही. लूकच्या पहिल्याच अध्यायात मरीया म्हणते की सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील, आम्हा प्रोटेस्टंटांचा मूळ सुधारक ल्यूथर, त्याने १५२१ मध्ये तिच्या त्या गीतावर अख्खं विवरण लिहिलं, आणि आम्ही मात्र तिला नाताळापुरतं आठवतो, याचं मला वाईट वाटतं. हे काही मी तिथे बोलले नाही. एवढंच म्हटलं, हळू बोला, आजींचं बीपी १७० वर गेलंय. आजी डोळे मिटून मणी ओढत होत्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये काहीच नेता येत नाही, बांगड्या, माळ, सगळं नातेवाइकाकडे देऊन सही घ्यायची. मुलगा रक्ताच्या पिशवीसाठी खाली ब्लड बँकेत गेलेला. दारापाशी आजींनी स्वतःच जपमाळ काढली आणि मुलीच्या हातात दिली, "सांभाळ गं."

तिने सही केली. दोन तासांनी मी बाहेर आले तर ती बाकावर बायबल उघडून बसलेली, ओठांनी स्वतःची प्रार्थना चालू, आणि माळ पर्समध्ये नाही, डाव्या मुठीतच.