ऑक्टोपस खायला गेलो आणि बटाट्यांवर जीव जडला

पहिल्या दिवशी आमची चांगलीच फजिती झाली. क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातून बोटीत बसलो, दोन-अडीच तास समुद्र बघत विस बेटावर उतरलो, बॅगा रूमवर टाकल्या आणि थेट एका कोनोबात (पूर्वी घरातली वाइन नि तेल ठेवायची कोठी, आता घरगुती खानावळीलाच कोनोबा म्हणतात) जाऊन म्हटलं पेका द्या, म्हणजे झाकणाखाली निखाऱ्यांवर शिजवलेला ऑक्टोपस आणि बटाटे. वेटरने असं बघितलं की जणू आम्ही दारात उभं राहून पाच मिनिटांत पुरणपोळ्या मागितल्या. मग हसून म्हणाला, आज ऑर्डर द्या, उद्या खा. त्या रात्री विश्का पोगाचावर भागवलं, म्हणजे खारवलेले छोटे मासे आणि कांदा भरलेली जाड रोटी. वाईट नव्हती, पण डोक्यात पेकाच.

पेका हे खरं तर पदार्थाचं नाव नाहीये, झाकणाचं आहे. घंटेसारखं घुमट असलेलं जड लोखंडी झाकण, वर धरायला कडी, आणि बाजूने एक पट्टी जिच्यामुळे वर टाकलेले निखारे घसरून खाली पडत नाहीत. पूर्वी मातीचं असायचं. क्रोएशियाच्याच इस्त्रिया भागात यालाच च्रिप्न्या म्हणतात आणि शेजारच्या बोस्नियात साच. प्रकार जुनाच, रोमन लोकसुद्धा असंच झाकण ठेवून चुलीवर भाकऱ्या भाजायचे.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या स्कूटरवरून बेटाच्या आतल्या भागात, प्लिस्को पोल्येकडे गेलो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. १९४४ साली इथेच मळे काढून दोस्त राष्ट्रांच्या विमानांसाठी धावपट्टी केली होती आणि बॉम्ब टाकून परतताना मोडकीतोडकी झालेली विमानं इथे उतरायची, आता परत वेलीच वेली. पुढे युगोस्लाव्हियाच्या काळात बेट लष्कराकडे होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. म्हणूनच अजून इथे मोठाली हॉटेलं फारशी दिसत नाहीत असं म्हणतात.

पेका सांगून ठेवलेल्या कोनोबात आम्ही मुद्दाम दीड तास आधी पोचलो कारण मला खाण्यापेक्षा बघायचं जास्त होतं. मालकीणबाई साठीच्या असतील, इंग्रजी जेमतेम, पण हातवारे भरपूर. कोमिन म्हणजे त्यांची दगडी उघडी चूल, कमरेएवढ्या उंचीची. त्यावर द्राक्षवेलींची छाटलेली काटकी आणि जाड लाकडं जळत होती. ज्वाळा पूर्ण बसून नुसते लाल निखारे उरेपर्यंत बाईंनी भांड्याला हातही लावला नाही. मग निखारे बाजूला ओढून मधली तापलेली फरशी साफ केली, तिच्यावर पसरट ट्रे ठेवला (त्यात ऑक्टोपस, मोठ्या फोडी केलेले बटाटे, कांदा, गाजर, अख्खा लसूण, रोझमेरी, तमालपत्र आणि ऑलिव्ह तेल, तेलाचा हात अगदी सढळ), वरून पेका झाकला आणि फावड्याने निखारे त्याच्यावर चढवले. कडेने राख लोटून फट बुजवली. झालं. आता वरून विस्तव आणि खालून विस्तव.

हे बघितल्यावर मला आजीचं भानोळं आठवलं, ती पण पातेल्यावर ताटली ठेवून वर निखारे घालायची. आईला व्हिडिओ पाठवला तर तिचा रिप्लाय आला, एवढे पैसे घालवून चूल बघायला गेलात का.

ऑक्टोपसबद्दल मला एक शंका होती की हा रबरासारखा होतो, मग इथे कसा नाही होत. तर बाईंनी फ्रीझर दाखवला. आधी गोठवायचा, त्याने आतले तंतू तुटतात. जुने लोक खडकावर आपटून आपटून मऊ करायचे. त्यामुळे फ्रोझन म्हटलं तर नाक मुरडू नका, ती फसवणूक नाही. शिवाय शिजताना तो स्वतःचं भरपूर पाणी सोडतो, त्यातच बटाटे शिजतात, म्हणून वेगळं पाणी घालायचंच नाही.

मधे फक्त एकदाच झाकण उघडलं. लांब आकडा कडीत अडकवून एका झटक्यात उचललं, राखेचा एक कणही आत पडला नाही, मी असते तर सगळा ट्रे राखेने माखला असता. बटाटे उलटवले, व्हाइट वाइनचा एक शिपका मारला आणि परत बंद, वर ताजे निखारे. या दुसऱ्या फेरीत पाणी आटतं आणि वरच्या आचेने सगळ्याला रंग येतो. घड्याळाकडे त्या बघतच नव्हत्या, तेवढ्यात बाहेर दोरीवरचे कपडे पण काढून आल्या.

टेबलावर आला तेव्हा ऑक्टोपस काट्याने तुटत होता, कडेला किंचित कुरकुरीत, उत्तमच. पण बटाटे! समुद्राचं सगळं मीठ, लसूण, तेल, धूर त्यांनीच पिऊन घेतलेलं, खालून चिकटलेली बाजू तर जवळजवळ करपलेली आणि तीच सगळ्यात भारी. सोबत इथलीच व्हुगावा नावाची व्हाइट वाइन. नवऱ्याने शहाण्यासारखं ऑक्टोपसचं कौतुक चालू ठेवलं आणि हळूच कोपऱ्यातले बटाटे उचलले, मी बघितलं.

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, किमान दोघांची ऑर्डर लागते, काही ठिकाणी चौघांचीही. मासे नको असतील तर कोकरू किंवा वासराचं मटण मिळतं, त्याला वेळ जास्त लागतो. आणि बटाटे जास्त घाला म्हणून आधीच सांगा, ते सांगायचं माझं राहिलं.