पिकअपचं ॲव्हरेज वाढवायचंय? चिप बॉक्सचा नंबर सगळ्यात शेवटी

आधी हिशेब. महिन्याला ३,००० किलोमीटर पळणारी पिकअप, ॲव्हरेज १२, डिझेल ९० रुपये धरलं, तर २५० लिटर म्हणजे २२,५०० रुपये जातात. ॲव्हरेज ५ टक्क्यांनी सुधारून १२.६ झालं तर १२ लिटर वाचतात, म्हणजे हजार-अकराशे रुपये. १५ हजारांची वस्तू (चिप बॉक्स म्हणजे इंजिनाची ओढ वाढवायला वायरीत लावायचा डबा, किंवा दुसरं काही) खरोखर ५ टक्के देत असली तरी तिचे पैसे फिटायला चौदा महिने लागतात. दुकानदार २० टक्क्यांचं बोलत असेल तर हा कागद त्याच्यासमोर ठेवा आणि टाकी-टू-टाकी मोजून द्यायला सांगा.

इथलं बोलणं मुख्यतः बोलेरो पिकअपसारख्या गाडीबद्दल आहे: अडीच लिटरचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारं) टर्बो डिझेल, पाच गिअर, मागच्या चाकांना ताकद, हौद्यात दीड टनाच्या आसपास माल. नाशिककडून टोमॅटोचे कॅरेट भरून कसारा घाट उतरत वाशीला जाणारी आणि परतताना बहुतेक वेळा रिकामी येणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. टाटा योद्धालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

मोजायचं कसं

मीटरवर दिसणारं ॲव्हरेज विसरा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटला थांबवून टाकी भरा. पुढच्या वेळीही तसंच भरा आणि किलोमीटर भागिले लिटर करा. एका टाकीवरून काहीच कळत नाही, कारण पहिल्या कटला सुद्धा लिटर-दोन लिटरचा फरक पडतो. किमान तीन टाक्यांची बेरीज धरा, आणि भरलेल्या-रिकाम्या फेऱ्यांचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. मोबाइलच्या जीपीएसवर १०० किलोमीटर मोजून ओडोमीटर किती चुकतो तेही एकदा पाहून ठेवा. टायर बदलले की हा आकडा बदलतो, त्यावर पुढे येतोच.

गळती बंद केल्याशिवाय पार्ट घेऊ नका

आपल्याकडच्या गॅरेजांतला सगळ्यात महागात पडणारा जुगाड म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं. गाडी गरम होते म्हणून मिस्त्री तो काढतो, काटा खाली येतो, सगळे खूश. पण इंजिन मग ९० अंशांऐवजी ६०-६५ वर चालतं. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं की गाडी अजून थंडच आहे, म्हणून तो थंड इंजिनाच्या हिशेबाने डिझेल मारत राहतो. तेल घट्ट राहतं, सिलिंडरच्या भिंतींतून उष्णता वाया जाते आणि बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) साफ व्हायला लागणारं तापमानच नीट गाठलं जात नाही. साधं ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर इंजिनाचे आकडे दाखवणारं) लावून कूलंटचं तापमान बघा. सपाट रस्त्यावर ते ८५ ते ९५ मध्ये टिकायला हवं. घाट उतरताना ६५ वर येत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवर नाहीच. गाडी खरोखर तापत असेल तर रेडिएटर, कॅप आणि वॉटर पंप तपासा.

त्याच्याच शेजारी व्हिस्कस फॅन, म्हणजे गरज पडली की क्लचने जोडला जाणारा रेडिएटरचा पंखा. सकाळी थंड, बंद इंजिनावर पंखा हाताने फिरवा. थोडा जड पण सहज फिरला पाहिजे. चालू गाडीत तो सतत विमानासारखा घोंगावत असेल तर क्लच जाम आहे आणि पंखा विनाकारण इंजिनाची ताकद खातोय. तो काढून इलेक्ट्रिक पंखा बसवून देणारे भेटतात, पण भरलेल्या गाडीने घाट चढायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. बहुतेक किटमधले पंखे तेवढी हवा ओढू शकत नाहीत.

टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज हा तिसरा चोर. भेग पडली की चढावर शिट्टी ऐकू येते, गाडीची ओढ मरते, जुन्या गाड्यांत काळा धूर दिसतो. तपासायला टर्बोच्या तोंडाला कॅप लावून रेग्युलेटरमधून एक बारपेक्षा कमी हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडली तर सील जातात. सिलिकॉन होज घेत असाल तर आतून तेलरोधक अस्तर असलेलाच घ्या, कारण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ साध्या सिलिकॉनमधून झिरपते आणि होज मऊ पडतो. साध्या पट्टीच्या क्लिपऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प लावा.

ब्रेक अडकतात का, हे १०-१५ किलोमीटर चालवून, शेवटी फारसा ब्रेक न दाबता थांबून, चारही चाकांच्या मध्याचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं की कळतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा २०-३० अंश जास्त असेल तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चाललंय. पावसाळ्यात हँडब्रेकची केबल चिखलाने अडकते, तेव्हा मागची चाकं आधी पाहा. इंजेक्टरची शंका असेल तर रिटर्न नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावून काही मिनिटं आयडलिंग करा. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल साठलं तर तो इंजेक्टर झिजलाय.

टायर: इथे पैसे घालावेत

भरलेली गाडी ६०-६५ ने चालते तेव्हा डिझेलचा मोठा हिस्सा टायर दबण्या-उठण्यात जातो. नायलॉन टायरवरून रेडियलवर येणं हा या सगळ्यातला सगळ्यात खात्रीचा बदल. मागे खोल लग (जाड गट्टू) असलेले टायर शेतातल्या चिखलासाठी ठीक, पण गाडी ९० टक्के डांबरावर असेल तर चारही चाकांना रिब नक्षी (सरळ लांब खाचांची) बरी. मात्र कमी रोलिंग रेझिस्टन्सच्या (फिरताना टायरच्या विरोधाच्या) मोहापायी कारचे टायर घेऊ नका. बाजूच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स वाचा: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही.

मोठ्या साइजचा मोह आणखी फसवा. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३३. म्हणजे सव्वाचार टक्के मोठा. गाडी खरोखर ५२१ किलोमीटर धावली तरी मीटर ५०० च दाखवतो, त्यामुळे कागदावर ॲव्हरेज घसरलेलं दिसतं. दुसरीकडे गिअर तेवढेच लांब होतात, आणि घाटात जिथे तिसऱ्यावर निघत होती तिथे दुसरा टाकावा लागतो. लहान टायर लावून मीटरवर ॲव्हरेज वाढवणारेही आहेत. डिझेलचं बिल मात्र तेवढंच येतं.

हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा, आणि टायर थंड असताना. गरम टायरमध्ये पाच-सात पीएसआय जास्त दिसतात म्हणून हवा सोडणारे बरेच असतात. सकाळी तोच टायर कमी हवेचा निघतो. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात भरलेली गाडी कमी हवेवर नेली तर ॲव्हरेज जातंच, वर टायर तापून फुटण्याची भीती. बाहेरून टोपीसारखे लावायचे टीपीएमएस (टायरची हवा मोजत राहणारे) सेन्सर उपयोगाचे आहेत, पण कारसाठीचे काही किट ५० च्या आसपासच थांबतात, तेव्हा ८० पीएसआयपर्यंत मोजणारं घ्या. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआय आहे. मागे तेवढी हवा लागत असेल किंवा सेन्सर लावायचे असतील तर धातूचे व्हॉल्व्ह बसवा.

तेल आणि फिल्टर

इंजिन ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. बीएस-६ गाडीला कमी राखेचं तेल लागतं, कारण काजळी डीपीएफमध्ये जळते पण तेलातल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, तिथेच साठत जाते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढत असेल तर रिजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळण्याची फेरी) मध्येच तुटतंय आणि डिझेल तेलात उतरतंय. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं. मागच्या ॲक्सलला मॅन्युअल परवानगी देत असेल तर सिंथेटिक तेल घाला, फायदा थोडा पण कायमचा. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलं असेल तिथे जीएल-५ ओतू नका, सिंक्रोच्या (गिअर सहज पडू देणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगा खराब होऊ शकतात.

तेल लावलेले कापडी परफॉर्मन्स फिल्टर डिझेलला व्यर्थ आहेत. त्यांचं तेल एअर फ्लो सेन्सरवर बसतं आणि आपली धूळही ते कागदी फिल्टरइतकी अडवत नाहीत. कागदी फिल्टर वेळेवर बदला. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारून तोच वर्षभर वापरला तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

वारा आणि वजन

८० वरून ६५ वर आलात तर वाऱ्याचा विरोध एक तृतीयांशाने कमी होतो. एवढी बचत विकत मिळत नाही. कॅबिनपेक्षा उंच माल नेहमी असेल तर छतावर फायबरचा डिफ्लेक्टर लावण्यात अर्थ आहे. त्याचा उतार पुढे वाढवला तर तो मालाच्या पुढच्या वरच्या कडेच्या जरा वरून जायला हवा. माल कॅबिनपेक्षा खाली असेल तर तोच डिफ्लेक्टर वारा अडवतो, म्हणून झटकन काढता येणारा घ्या. ताडपत्री फडफडू देऊ नका. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका खाली सोडून वारा कमी लागतो हा समज चुकीचा आहे.

अँगलचं कॅरिअर, दोन जादा पाटे, हौद्यात जाड पत्रा, साखळ्या, जॅकचा ढीग: बघता बघता १५० किलो होतात. भरलेल्या तीन टनांच्या गाडीला हे ५ टक्के, आणि रिकामी परतताना त्याहून जास्त.

आता चिप बॉक्स

स्वस्त बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीयू दाब वाढवतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडला तरी डिझेल जास्त जातं: दाब १० टक्के वाढला तर डिझेल साधारण ५ टक्के. ईसीयूला हे जादा डिझेल माहीतच नाही, त्यामुळे मीटरवरचं ॲव्हरेज छान दिसतं आणि पंपावर फरक पडत नाही, किंवा उलटाच पडतो. ओढ वाढते, हे खरं. ती वापरून तुम्ही लवकर वरचा गिअर टाकला आणि पाय हलका ठेवला तर थोडी बचत होऊ शकते. पण ज्याला ओढ मिळाली तो पाय हलका ठेवतो, असं सहसा दिसत नाही. जादा दाब, जादा उष्णता आणि जादा काजळी मात्र पंप, टर्बो आणि डीपीएफच्या वाट्याला येते.

डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) केलेला रीमॅप, म्हणजे ईसीयूमधले आकडेच बदलणं, ही वेगळी गोष्ट. तिथे टॉर्क खालच्या आरपीएमला आणता येतो, भरलेल्या हायवे गाडीला त्याचा उपयोग होतो. पण इंजेक्शन पुढे सरकवलं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, वॉरंटी जाते, विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफारांना मनाई करतं आणि कलम १८२अ नुसार प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करणं आणि डीपीएफ पोकळ करणं त्याच रांगेत. ईजीआर काजळीने भरला असेल तर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड काढून साफ करून घ्या, तेवढ्याने श्वास मोकळा होतो.

डिझेलच्या नळीवरचं चुंबक आणि एचएचओ किट (विजेने पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन बनवून इंजिनात सोडणारं) यांवर वेळ घालवू नका. डिझेलवर चुंबकाचा परिणाम होत नाही. एचएचओला लागणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन डिझेलवर चालतं; प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते. सीटेन (डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा) वाढवणाऱ्या ॲडिटिव्हने थंडीत गाडी सुरू व्हायला मदत होते, पण बीएस-६ डिझेलचा सीटेन आधीच किमान ५१ असतो.

घाटात न्यूट्रल मारून डिझेल वाचतं असं अजून बरेच ड्रायव्हर मानतात. कॉमन रेल गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात, वापर शून्य. न्यूट्रलला इंजिन आयडलिंगचं डिझेल खातं, आणि दीड टन मालाचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.