लाल शाईची अवस्था

प्रश्न होता, ‘ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.’ वाचल्याबरोबर हायसं वाटलं. ते पान तर डोळ्यांसमोरच होतं: डावीकडचं, खालचा परिच्छेद, पिवळ्या हायलायटरने रंगवलेला. रंग आठवत होता, मजकूर मात्र आठवेना. शेवटी दोन्ही एकच असल्यासारखं दीड पान लिहून आले. मानसशास्त्राच्या पहिल्या पेपरात 100 पैकी 31 गुण मिळाले.

शिक्षण सुटून चौदा वर्षं झाल्यावर मी पुन्हा अभ्यासाला बसले होते. पुस्तक चार वेळा वाचलं होतं. चौथ्या वेळी तर वाक्य संपायच्या आधीच पुढचं काय ते कळत होतं. ते मला अभ्यास झाल्याचं लक्षण वाटलं.

निकालानंतर रागारागाने स्मृतीचं प्रकरण उघडलं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले आणि 1885 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग त्यात होते. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा, मग त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं. वीस मिनिटांनी 58 टक्के बचत, एका दिवसाने 34 च्या आसपास, 31 दिवसांनी 21. अनेक जण हे आकडे ‘इतकं लक्षात राहिलं’ असे सांगतात, ते मला पटत नाही. एखादी गोष्ट अजिबात आठवत नसली तरी ती दुसऱ्यांदा शिकायला कमी कष्ट पडू शकतात. एबिंगहाउस ते मोजत होता. 31 गुणांवर बसलेल्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो.

दोन पानं पुढे रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. ही ओळ मी आधीच पिवळी केलेली होती! चार वेळा वाचली होती.

मग पद्धत बदलली. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने आठवेल ते लिहायचं आणि सुटलेलं पुस्तकात बघून लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी नवा कागद, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. पहिला कागद इतका लाल झाला की तो फाडून टाकावासा वाटला. वाचताना कसं छान वाटायचं; इथे रोज स्वतःचं अज्ञान उघडं पडायचं.

ऋण प्रबलनाचा घोळ कुठे होता ते या कागदांवरच सापडलं. गणितातलं ऋण म्हणजे वजा, पण व्यवहारातलं ऋण म्हणजे कर्ज, डोक्यावरचा भार. माझं मन या दुसऱ्या अर्थाला चिकटलं होतं, म्हणून ते शिक्षेसारखं वाटायचं. खरं तर त्रासदायक काहीतरी वजा होतं आणि त्यामुळे वागणं वाढतं. गाडीत पट्टा लावेपर्यंत ती टुणटुण चालू राहते, लावला की थांबते, म्हणून आपण पट्टा लावायला शिकतो. शिक्षेने वागणं कमी होतं. आता मी एवढंच विचारते: वागणं वाढलं की घटलं?

विचारप्रक्रियेचं प्रकरण मला फारसं आवडलं नाही, पण वॅसन या मानसशास्त्रज्ञाच्या 1960 च्या कोड्याने चांगलंच पकडलं. 2-4-6 हे तीन आकडे एका नियमात बसतात. आपण आणखी आकडे सुचवून तो नियम ओळखायचा. मी 8-10-12 म्हटलं, 20-22-24 म्हटलं, सगळं बरोबर निघालं. नियम होता फक्त ‘चढते आकडे’. चूक ठरेल असं काही मी विचारलंच नव्हतं. अभ्यासातही माझं तेच चाललं होतं, उत्तर येतंय तेच स्वतःला विचारायचं. त्या दिवसापासून प्रश्न काढायचं काम बहिणीकडे दिलं.

मुलांची विचारशक्ती वयानुसार कशी घडते ते सांगणाऱ्या पियाजेसाठी तिची पाच वर्षांची मुलगी कामाला आली. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घेतलं, मग एकातलं उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं.

“आता कशात जास्त?”

“ह्या उंचात.”

परत ओतून दाखवलं. “आता सारखं.” पुन्हा उंच ग्लासात. “आता जास्त. मावशी, तुला कळत नाही का?”

एकच प्रश्न दोनदा विचारला की आपलं पहिलं उत्तर चुकलं असं मुलांना वाटतं, असा आक्षेप काही संशोधकांनी या प्रयोगावर घेतला आहे. आमच्या बाईसाहेबांना तसं काही वाटलेलं दिसलं नाही. पण दोन ते सात वर्षांची पूर्वक्रियात्मक अवस्था, म्हणजे भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलांना अजून उमगत नाही तो काळ, मला त्यानंतर पाठ करावी लागली नाही.

दुसऱ्या खेपेला 67 गुण मिळाले. एरिक्सनने सांगितलेल्या, माणसाच्या आयुष्यभराच्या विकासाच्या आठ अवस्था लिहायच्या होत्या, सातच आठवल्या. घरी येऊन पुस्तक उघडलं. राहिली होती ती शाळकरी वयातली, उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. जुने कागद काढून पाहिले. चारही कागदांवर ती लाल शाईतच होती.